नवी बॅटरी, नवा अल्टरनेटर, तरीही सेल्फ जड

हे मोटरहोम, म्हणजे मागे राहायचं घर असलेली गाडी, तपासायला आलं तेव्हा तक्रारींची यादी लांब होती आणि आधीच बदलून झालेल्या भागांचीही. थंड सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरायचा. लांब चढावर इंजिनाचा दम जायचा, चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडी रांगायला लागायची. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की थोडा वेळ बरी. दिवसभर गाडी चालवूनही मागच्या घराच्या बॅटऱ्या भरत नव्हत्या. या सगळ्याच्या शेवटी मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे तोवर कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं: "दिवे लावले की इंजिन तापतं हो."

इंजिन चार सिलिंडरचं, कॉमन रेल डिझेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेल) मोठ्या दाबाचं डिझेल मिळतं. इंजिनासाठी एक बॅटरी आणि घरासाठी १०० अँपिअर-तासाच्या दोन एजीएम बॅटऱ्या (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) समांतर जोडलेल्या. इंजिन चालू असताना एक रिले (विजेवर चालणारा स्विच) या दोन्ही बाजू जोडतो आणि इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर सगळ्यांना भरतो. छतावर एक सोलर पॅनल, आत बारा व्होल्टवरही चालणारा फ्रिज, सीटखाली डिझेलवर चालणारा हीटर.

बदलून झालं होतं ते असं: इंजिनाची बॅटरी, अल्टरनेटर, थर्मोस्टॅट आणि डिझेल फिल्टर. आता रेलमध्ये दाब तयार करणारा हाय-प्रेशर पंप बदलायचा सल्ला मिळाला होता. या सगळ्या यादीतला सर्वांत महाग भाग तोच, म्हणून मालकांनी आधी एकदा नीट मोजून बघायचं ठरवलं. बॅटरी बदलल्यावर सेल्फ काही दिवस खरंच बरा फिरला होता. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे वाटेत होणारी व्होल्टेजची गळती ती काही काळ झाकून नेते. भाग बदलला आणि थोडं बरं वाटलं, एवढ्यावरून तो भाग खराब होता असं ठरत नाही. पण मोटरहोमच्या बाबतीत हा समज हटता हटत नाही, कारण इंजिन बघणारा घराच्या वायरिंगकडे बोट दाखवतो आणि घराचं वायरिंग करणारा इंजिनाकडे.

स्कॅनर लावला तर तीन प्रकारचे कोड साठलेले निघाले. पी ०५६२, म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज कमी. दोन-तीन मॉड्यूलमध्ये (गाडीतल्या छोट्या संगणकांत) एकमेकांशी संपर्क तुटल्याचे कोड. आणि पी ००८७, रेलमधला डिझेलचा दाब कमी. हाय-प्रेशर पंपाचा सल्ला याच शेवटच्या कोडवरून आला होता. पण हा कोड पंप खराब आहे असं म्हणत नाही. दाब मागितला तेवढा झाला नाही, इतकंच तो सांगतो. दाब का झाला नाही, हे आपणच शोधायचं असतं.

काट्याने दिलेली खूण

मी सुरुवात दिव्यांपासून केली. इंजिन चालू, गाडी उभी, तापमानाचा काटा मध्यावर. हेडलाइट लावले, काटा लगेच वर सरकला. केबिनचा पंखा पूर्ण वेगात सोडला, आणखी थोडा वर. सगळं बंद केलं, काटा परत मध्यावर. पाणी दोन सेकंदांत तापत नाही आणि दोन सेकंदांत थंडही होत नाही. म्हणजे इंजिन तापतच नव्हतं, काटा खोटं दाखवत होता.

तो नेमकं काय खोटं दाखवतो, ते समजून घेण्यासारखं आहे. या गाडीत काटा ईसीयूमार्फत, म्हणजे इंजिनाच्या संगणकामार्फत चालत नाही. इंजिनावर बसवलेल्या एकतारी सेन्सरवर थेट चालतो. सेन्सरचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची ऋण टोकाकडे परतायची वाट) म्हणजे इंजिनाचं धातूचं अंग, आणि काट्याचा अर्थ म्हणजे गाडीची बॉडी. या दोन अर्थांमध्ये फरक पडला तर काटा त्या फरकालाच तापमान समजतो. अल्टरनेटर इंजिनाच्या अंगावर आवळलेला असतो, त्यामुळे हेडलाइटचा परतीचा करंट बॉडीतून, चेसिसमधून इंजिनाकडे यावा लागतो. त्या वाटेत रोध असेल तर लोड वाढेल तसं इंजिनाचं अंग बॉडीपेक्षा ऋण होत जातं, सेन्सरकडून येणारं व्होल्टेज कमी दिसतं आणि काटा वर चढतो. थर्मोस्टॅट बदलून यातलं काहीच सुधारणार नव्हतं.

मग मालकांना विचारलं, की सेल्फ बराच वेळ मारल्यावर कधी जळका वास येतो का. येतो म्हणाले, पायाशी, गिअर लिव्हरच्या बाजूने. गिअरच्या केबलला हात लावून पाहिला तर वरचं प्लास्टिक एका जागी मऊ पडून चकचकीत झालेलं. सेल्फचा करंट मुख्य वाटेने नीट जात नव्हता, म्हणून त्यातला काही भाग गिअरच्या केबलमधून परतत होता.

इथे मोटरहोमची रचना मनात ठेवावी लागते. साध्या मोटारीत इंजिन आणि चेसिस यांना जोडणारा अर्थचा पट्टा सेल्फसाठी आणि चार्जिंगसाठी असतो. मोटरहोममध्ये घराच्या बॅटऱ्यांचं ऋण टोकही चेसिसलाच बांधलेलं असतं. फ्रिजचं आणि बाकी बऱ्याच गोष्टींचंही. धन बाजूला दोन्ही बिऱ्हाडांना आपापला फ्यूज, आपापली तार, मधे रिले. पण खाली उतरायला जिना एकच, गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंतचा तो विणलेला पट्टा. तो कच्चा झाला की सेल्फ जड होतो, ग्लो प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणाऱ्या कांड्या) कमी तापतात, काटा खोटं बोलतो आणि घराच्या बॅटऱ्या उपाशी राहतात. चार तक्रारी चार वेगळ्या दुकानांत जातात.

मोजणी

आधीच्या तपासणीत हा पट्टा बघितला गेला होता. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वाट अखंड आहे का एवढंच बघणाऱ्या सेटिंगवर) लावला, बीप वाजला, पट्टा पास. ही पद्धत सेल्फच्या वाटेसाठी निरुपयोगी आहे. पट्ट्याच्या शंभर तारांपैकी एक शाबूत असली तरी बीप वाजतो. ओहमवर मोजलं तरी फरक पडत नाही. माझ्या मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या की ०.३ ओहम दाखवतो, आणि इथे शोधायचा होता त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढा रोध.

खरी पद्धत एकच, लोड चालू असताना व्होल्टेज कुठे खर्च होतं ते बघणं. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजेक्शनचा रिले काढला आणि सेल्फ मारत मोजलं. बॅटरीच्या दोन टोकांवर १०.४ व्होल्ट, थंड डिझेल इंजिनासाठी ठीक, म्हणजे बॅटरी निर्दोष. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.४, तेही चालण्यासारखं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारला. २.६ व्होल्ट.

हा आकडा ०.२ च्या आसपास असायला हवा, ०.५ पर्यंत माणूस कानाडोळा करील. इथे १०.४ मधून २.६ आणि ०.४ वजा गेल्यावर सेल्फच्या वाट्याला फक्त ७.४ व्होल्ट उरत होते. तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर २६० अँपिअर, म्हणजे अर्थच्या वाटेचा रोध ०.०१ ओहम. एका ओहमचा शंभरावा भाग, आणि तेवढ्यानेच सेल्फ जड झाला. (क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. फक्त एसी मोजणारा स्वस्त क्लॅम्प इथे शून्य दाखवतो आणि माणसाला भलत्या वाटेला लावतो.)

या गाडीत ईसीयूचा एक अर्थही गिअरबॉक्सवरच्या बोल्टला होता. सेल्फ मारताना ईसीयूला जेमतेम ७.८ व्होल्ट मिळत होते. कमी व्होल्टेजचा कोड आणि संपर्क तुटल्याचे कोड तिथून आलेले. मॉड्यूल उघडायची गरजच नव्हती.

खात्री करायला जंप केबल पुरते. तिचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर चावलं, आणि सेल्फ मारला. आवाजच बदलला. अर्थवरचा आकडा २.६ वरून ०.३ वर आला, सेल्फला ९.५ व्होल्ट मिळाले. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनीही अल्टरनेटर विकत घेण्याआधी एवढं करून बघायला हरकत नाही; केबल जाड असावी आणि फिरत्या पट्ट्यांपासून लांब ठेवावी, एवढंच.

पट्टा काढला तेव्हा वरून चांगला दिसत होता. पण बॉडी बांधताना चेसिसला रंग मारला होता आणि चेसिसकडचा लग (पट्ट्याच्या टोकाची धातूची कडी) त्या रंगाच्या थरावरच आवळलेला. जोड चालत होता तो बोल्टच्या आट्यांमधून, आणि त्या आट्या पाण्याने गंजलेल्या. दुसऱ्या टोकाला क्रिंपच्या (दाबून बसवलेल्या जोडाच्या) आत तांब्याची हिरवी पूड. नवा पट्टा लावताना दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासल्या, दातेरी वॉशर घातले, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. शिवाय ब्लॉकपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक जादा जाड केबल टाकली. जादा केबल काही जणांना उधळपट्टी वाटते. घर वाहून नेणाऱ्या गाडीत मला ती मूळचीच हवी होती असं वाटतं.

हे काम करताना सगळा पुरवठा तोडावा लागतो, आणि मोटरहोममध्ये इंजिनाची बॅटरी काढली म्हणजे पुरवठा तुटला असं होत नाही. घराच्या बॅटऱ्या आणि सोलर हे वेगळे स्रोत आहेत. आधी पॅनल कंट्रोलरपासून सोडवायचं, मग घराच्या बॅटऱ्या, मग इंजिनाची. बहुतेक सोलर कंट्रोलरना पॅनल जोडलेलं असताना बॅटरी काढलेली चालत नाही.

मिटलं आणि उरलं

काटा हलायचा थांबला. सेल्फ जोरात फिरू लागला. कमी व्होल्टेजचे कोड पुसल्यावर परत आले नाहीत. पण चढावर दम जाणं तसंच होतं आणि पी ००८७ परत आला.

शिवाय आधी न दिसलेली एक गोष्ट आता दिसू लागली. रात्रभर उभी राहिल्यावर गाडी सकाळी झपाट्याने सेल्फ घ्यायची, पण पेट मात्र उशिरा धरायची. एकदा चालू होऊन बंद केली की पुन्हा चटकन सुरू. जड सेल्फ होता तोवर उशिरा सुरू होण्याचं खापर सगळं त्याच्यावर फुटत होतं. एक दोष दुसऱ्याच्या आड बसला होता, आणि दोघांनाही "सकाळी सुरू होत नाही" हेच नाव होतं.

रात्रीतून डिझेल मागे टाकीकडे उतरतं, हा त्याचा अर्थ. आणि पाइप कुठेतरी हवा घेत असेल तरच ते उतरतं. या इंजिनात टाकीच्या आत विजेचा पंप नाही. हाय-प्रेशर पंपाला जोडलेला छोटा पंप टाकीपासून डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप ही सगळी वाट ओढीखाली असते. तिला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. गाडीखाली एक थेंब नाही, म्हणून आधी कुणाला शंका आली नव्हती.

फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक नळीचा तुकडा आणि व्हॅक्युम गेज बसवला. फिल्टर तुंबला असता तर ओढ जास्त दिसली असती. ओढ कमी होती, आणि इंजिनाचा वेग वाढवला की नळीत बुडबुड्यांची माळ. चढावर नेऊन स्कॅनरवर पाहिलं तेव्हा ईसीयू १२०० बार मागत होता आणि मिळत होते ८५०, तेही घसरत. आयडलवर मात्र दोन्ही आकडे ३०० च्या आसपास, जुळलेले. थोड्या डिझेलला थोडी हवा चालून जाते. पूर्ण लोडवर पंपाला डिझेल जास्त लागतं आणि ओढ वाढली की हवाही जास्त शिरते. म्हणून दोष फक्त चढावर दिसायचा.

एक ताकीद इथेच देतो. हवा शोधायची ती पंपाच्या अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूला. इंजिन चालू असताना रेल किंवा इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून "एअर काढायची" जुनी सवय कॉमन रेलवर चालवू नये. तिथली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

शोध मागे मागे सरकत केला. फिल्टरच्या अलीकडे पाइप सोडून एका कॅनमधून डिझेल दिलं. बुडबुडे गेले, म्हणजे फिल्टर आणि त्याची रबरी रिंग निर्दोष ठरली. कॅन आणखी मागे नेला, चेसिसच्या मधोमध. तरी नळी स्वच्छ. त्याच्या मागे टाकीपर्यंत जेमतेम दीड मीटर पाइप उरला होता, आणि त्यातच हीटरचा टी-जोड. घराचा हीटर बसवणाऱ्याने टाकीला वेगळं तोंड पाडण्याऐवजी इंजिनाच्या पाइपातच प्लास्टिकचा टी घालून हीटरसाठी बारीक नळी काढली होती. रबर कडक झालेलं, क्लिप आवळलेली पण नळीला सर्व बाजूंनी न धरणारी. नळी हाताने नुसती वाकवली तरी पारदर्शक तुकड्यात बुडबुडे कमी-जास्त व्हायचे.

टी काढून टाकला, इंजिनाचा पाइप अखंड केला, टाकीवर हीटरसाठी स्वतंत्र नळी बसवली. ही नळी टाकीच्या तळापर्यंत नेत नाहीत, जरा उंच ठेवतात. म्हणजे हीटर रात्रभर चालला तरी इंजिनापुरतं डिझेल शिल्लक राहतं. त्याच चढावर पुन्हा नेलं. मागणी १२००, मिळकत ११८० ते १२१०. हाय-प्रेशर पंपाला कुणी हात लावला नाही. हीटर अधूनमधून पेटत नसे, तेही बंद झालं. त्यात हवेचा वाटा किती आणि कमी व्होल्टेजचा किती, हे वेगळं मोजलं नाही.

घराच्या बॅटऱ्या

अर्थ दुरुस्त होण्याआधी चालू इंजिनावर आकडे असे होते: अल्टरनेटरवर १४.३, घराच्या बॅटऱ्यांवर १३.२. मधल्या १.१ पैकी ०.५ अर्थच्या पट्ट्यात जात होते, कारण सगळं मिळून ५० अँपिअर त्यातून परतत होते. उरलेले ०.६ धन बाजूला. पट्टा बदलल्यावर १४.३ च्या जागी १४.३ मिळतील अशी मालकांची अपेक्षा होती. मिळाले १३.५ ते १३.६. अर्थ सुधारला तसा बॅटऱ्यांनी जास्त करंट ओढला आणि धन तारेतली गळती त्या प्रमाणात वाढली.

ती तार ६ चौरस मिलिमीटरची, सहा मीटर लांब. तिचा रोध साधारण ०.०१७ ओहम, म्हणजे २० अँपिअरला तारेतच ०.३५ व्होल्ट गेले. बाकी गळती फ्यूज होल्डर आणि रिलेच्या संपर्कात होती. होल्डर हाताला गरम लागत होता. तार १६ चौरस मिलिमीटरची केली, होल्डर आणि रिले बदलले. आता बॅटऱ्यांवर १४.० ते १४.१ येतात. डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरचं व्होल्टेज बदललं तरी घराच्या बॅटऱ्यांना हवं तेवढं देणारा) लावावा का, असं मालकांनी विचारलं. ज्या गाडीत अल्टरनेटर ईसीयूच्या हुकुमाने व्होल्टेज खालीवर करतो तिथे तो लावण्यावाचून गत्यंतर नसतं. इथे अल्टरनेटर साधा, १४.३ वर स्थिर. जाड तार पुरेशी.

पण बॅटऱ्या फार काळ अर्धपोटी राहिल्या होत्या. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरली नाही की प्लेटवर सल्फेट कडक होत जातं आणि तेवढी क्षमता कायमची जाते. बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून, रात्रभर विसावू दिल्यावर त्या १२.८ दाखवत होत्या, म्हणजे दिसायला निरोगी. १० अँपिअरचा लोड लावून १०.५ व्होल्टपर्यंत उतरवल्या. २०० अँपिअर-तासाच्या जोडीने वीस तास चालायला हवं. ती अकरा तासांत बसली.

दोन्ही एकत्रच बदलाव्या लागतील, नवी आणि जुनी समांतर जोडायची नाही, हे मालकांना सांगितलं. त्यांनी हा हंगाम याच बॅटऱ्यांवर काढायचा ठरवलं आहे, फ्रिज बारा व्होल्टवर फक्त गाडी चालू असताना ठेवून. काढून ठेवलेला जुना अल्टरनेटर बाकावर फिरवून पाहिला, १४.२ देतो. त्यांनी तो स्पेअर म्हणून मागच्या कप्प्यात टाकला.